दोन अंशांवरची सही

कुणी हातानं काम करतं, कुणी डोक्यानं, तर कुणी नुसत्या ओळखीपाळखीवर. ही बाई जिभेनं काम करायची, आणि तेही एक अक्षर न बोलता. बिअरच्या कारखान्यात ती चाखणारी होती. एकतीस वर्षं. सगळे तिला जीभबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचा राग नव्हता. राग येण्यासारखं पुढे पुष्कळ होतं.

आता कुणालाही वाटेल, काय मजा आहे बुवा, फुकटची बिअर आणि वर पगार! हे ऐकून ऐकून जीभबाईला वीट आला होता. सकाळी साडेदहाला, कोरड्या पावाच्या दोन तुकड्यांवर, बिअर कधी तोंडाला लावून बघा म्हणावं. कामाच्या दिवशी कांदा बंद, लसूण बंद, कॉफी बंद, सुवासिक साबण बंद. एका लांबट खोलीत फळ्या ठोकून केलेले सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक बेसिन आणि डोक्यावर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी की बिअरचा रंग दिसू नये. रंग दिसला की डोळे जिभेला अक्कल शिकवायला लागतात. समोर तीन पेले यायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं, कागदावर खूण करायची, कागद फटीतून आत सारायचा. कागदावर नाव नाही, सही नाही, नुसता नंबर. नंबर कप्प्याचा नव्हे, माणसाचा; तिचा सात. एकतीस वर्षं ती सातच होती.

आणि बिअर बारा अंशांवर. म्हणजे गारही नाही आणि कोमटही नाही. हा नियम तिनं कधी कुणाला मोडू दिला नाही. पेल्यात थर्मामीटर बुडवून बघितल्याशिवाय ती घोट घ्यायची नाही. बर्फागत गार पेयाची चवच कळत नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तशी जीभ बधिर होते. मग तिच्यावर अमृत ओता नाहीतर भांडी विसळलेलं पाणी ओता, तिला काय त्याचं!

बाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं. त्या कारखान्यातून बिअर चार नावांनी बाहेर पडायची, पण शिजायची एकच. दाट आणि कडक. शेवटी तिच्यात पाणी सोडायचं, ज्या नावाला जेवढं लागेल तेवढं. नेहमीच्या बिअरमध्ये शंभर भागांत पाच भाग दारू उरायची. आणखी थोडं पाणी सोडलं की चार भाग, आणि तिचं नाव हलकी. हलकीसाठी वेगळं धान्य नाही, वेगळी टाकी नाही, कसली गुप्त कृती नाही की डोंगरातला झरा नाही. एक नळ, तो थोडा जास्त फिरवायचा. यात पाप काहीच नव्हतं. पाणी बिचारं कुणाचं काय वाईट करतं? पाप असतं ते डब्यावर छापतात.

जीभबाईला मागे-पुढे कुणी नव्हतं. होता तो एक दादा. तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला वाढवलं, वेण्या घालायला शिकला, शाळेत पालकांच्या सभेला मिसरूड नुकतं फुटलेला हा जाऊन बसायचा. धंद्यानं पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, मालमोटारींच्या मागची अक्षरं. हात असा स्थिर की पट्टी लागायची नाही. संध्याकाळी मात्र त्याला दोन बाटल्या बिअर लागायची, नेहमीची, पाच भागवाली. वर्षानुवर्षं. त्या वर्षी त्याचे पाय सुजले, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "यकृत निम्मं कामातून गेलंय. थेंबसुद्धा घ्यायचा नाही. घेतलात तर वर्ष काढणार नाही."

आणि दादानं सोडली! कुणाला खरं वाटेना. संध्याकाळ झाली की तो खिडकीत बसून कागदावर नुसती अक्षरं काढायचा, हात थरथरायचा म्हणून मोठी मोठी. वहिनी रोज कॅलेंडरवर फुली मारायची. चार महिने झाले. पायांची सूज उतरली. जीभबाई दर रविवारी जायची आणि येताना रस्त्यात हसू दाबत यायची, वेड्यासारखं.

त्याच सुमारास कारखान्यात जाहिरात खात्याचे नवे साहेब आले. बूट गुळगुळीत, हनुवटी गुळगुळीत, बोलणं तर असं गुळगुळीत की धरायला कुठे खाचच नाही. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, गुळगुळीत साहेब. ते स्वतः चाखण्याच्या खोलीत आले आणि जीभबाईला म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं म्हणजे आमचं खरं भांडवल. लोकांना तुमची ओळखच नाही, ही केवढी शोकांतिका!"

एकतीस वर्षांत कुठला साहेब त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. वास येतो म्हणायचे.

चाचणी ठरली. नेहमीची आणि हलकी, फरक कळतो का बघायचं. पेले आले. जीभबाईनं सवयीनं थर्मामीटर बुडवला. पारा दोन अंशांवर.

"हे फार गार आहे," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक असंच पितं ना बाई," साहेब म्हणाले. "आपण गिऱ्हाइकाच्या बाजूनं विचार करायचा."

आता इथे खरं तिनं पेला उलटा करून उठायला हवं होतं. दुसरं कुणी असतं तर तिनंच त्याला कप्प्याबाहेर काढलं असतं. पण साहेबांनी पुढे एक कागद ठेवला, जाड, रेघ मारलेला, आणि म्हणाले, "निकालाखाली तुमची सही लागेल. नंबर नको. सही. मुख्य चाखणीतज्ज्ञ म्हणून."

मुख्य चाखणीतज्ज्ञ! असं पदच कारखान्यात नव्हतं. पण ऐकायला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सातचा एका क्षणात माणूस झाला. तिनं दोन अंशांवरचे तीन पेले चाखले, फरक कळला नाही, कळणारच नव्हता, देवालासुद्धा कळला नसता. तिनं लिहिलं, फरक आढळला नाही. मनाला टोचलं म्हणून खाली हातानं एक ओळ घातली, "नमुने दोन अंशांवर चाखले." आणि मग झोकदार सही ठोकली, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून. दादानंच शिकवली होती तशी सही करायला.

महिन्याभरात डबे बाजारात आले. चंदेरी, उंच, कडेला निळं पीस. मोठ्या अक्षरांत, "चव पूर्ण, भार निम्मा!" त्याखाली, "आमच्या सर्वश्रेष्ठ चाखणाऱ्यांनाही फरक कळला नाही." त्याखाली तिची सही, शेपटीसकट. दोन अंशांची ओळ कापलेली. अगदी सफाईनं कापलेली, कात्रीचा माग नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तसलं ते प्रकरण, पण या सोनुबाईखाली सही हिची होती.

तिनं ती अक्षरं दोनदा वाचली. ओठांवर काहीतरी तेलकट लागल्यासारखं वाटत राहिलं दिवसभर, दोनदा चूळ भरली. पण गंमत ऐका. तिनं तो डबा फेकला नाही. घरी नेला आणि कपाटावर ठेवला, सही पुढे करून. माणसाचं असं असतं, शिसारीसुद्धा येते आणि कौतुकही सुटत नाही.

नव्या मालाची धामधूम, रविवारीसुद्धा पाळ्या. सात आठवडे तिला दादाकडे जाता आलं नाही. फोनवर तो खुशीत असायचा. "ये गं चिमे, तुला एक गंमत दाखवायचीय," म्हणायचा.

आठव्या रविवारी ती गेली. दार वहिनीनं उघडलं, हसऱ्या तोंडानं. "या वन्सं! अहो, किती दिवसांनी!" आत दादा खुर्चीत बसलेला, पाय स्टुलावर. पाय पुन्हा सुजलेले, मोज्याचं इलास्टिक मांसात रुतलेलं. डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या कागदासारखा. आणि हातात चंदेरी डबा.

"ही बघ गंमत!" दादा म्हणाला. "आख्ख्या गल्लीला दाखवलं मी. माझ्या बहिणीची सही म्हटलं. न्हाव्याला खरं वाटेना, त्याला तुझी शाळेची वही दाखवली."

"दादा, तू पितोयस?"

"ही काय पिणं आहे का गं? निम्मी तर आहे. आधी दोन घ्यायचो, आता चार घेतो, हिशेब तोच. आणि डॉक्टरीणबाईंना काय कळतं, त्यांनी कधी चाखलीय? तू चाखलीयस."

वहिनीनं फ्रिज उघडून दाखवला. खालचा आख्खा कप्पा चंदेरी. "मीच आणते हो," ती म्हणाली, "तुमची सही बघूनच आणते. दुकानदार दुसरी हलकी देत होता, स्वस्तातली. मी म्हटलं, नको बाबा, आमच्या वन्संची द्या."

आमच्या वन्संची! चार भागांचे चार डबे. डबा बाटलीएवढाच, म्हणजे पूर्वीच्या दोन बाटल्यांच्या दीडपटीहून जास्त दारू रोज त्या फाटक्या यकृतात ओतली जात होती, आणि ओतणारीच्या मनात नणंदेचं कौतुक. तिनं तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं की दादा, ही सही खोटी आहे, मला माहीत असून मी केली. पण दादा तिच्याकडे असा बघत होता, पालकसभेतून परत आल्यावर बघायचा तसा. वहिनीनं बिस्किटं पुढे केली, तिनं ती खाल्ली, एकामागून एक. उठताना म्हणाली, "जरा बेतानं घे हं, दादा."

झालं. एवढंच म्हणाली. ज्या बाईनं नव्या चाखणाऱ्यांना अर्ध्या अंशावरून झापलं, ती बाई.

खाली उतरताना तिनं ठरवलं की डब्यावरून सही काढायचीच. सही गेली की दादाचा भरवसा जाईल, आपोआप सुटेल. आपल्याला काही सांगावंच लागणार नाही. शहाणपण बघा! आग लागली घराला आणि ही निघाली पत्ता बदलायला.

सोमवारी ती गुळगुळीत साहेबांच्या खोलीत शिरली. डबा टेबलावर आपटला.

"निम्मा भार म्हणता, तो कुणाच्या निम्मा?"

"बाई, बसा ना. पाणी घ्या."

"पाणी तुम्ही बिअरमध्ये घालता तेवढं पुरे. नेहमीचीत पाच, हिच्यात चार. चार हे पाचाच्या निम्मे कधीपासून झाले?"

साहेबांनी डबा हळूच उलटा केला. बुडाशी, गोल कडेला, मुंगीनं लिहिल्यागत अक्षरं होती. आमच्या 'थोरली'च्या तुलनेत. थोरलीत दारू आठ भाग.

जीभबाईला थोरली माहीत होती. वर्षातून एकदा चाखायला यायची, करपलेल्या साखरेची आणि डिंकाची चव, पेल्याला चिकटणारी. "ती पितं कोण?" तिनं विचारलं.

"तसं कुणी नाही."

"मग बनवता कशाला?"

"बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर निरागस होता, "ती बनवली नाही, तर ही निम्मी कुणाच्या होणार?"

वर्षाला बारा खोके. कुणी पिऊ नये म्हणून बनवलेली बिअर! दुसरीला निम्मी म्हणता यावं म्हणून कारखान्यात जन्माला घातलेली आणि गोदामात कुजत ठेवलेली! जीभबाईला क्षणभर हसायलाच आलं, मग अशी किळस आली की तिनं रुमाल तोंडाला लावला. हे सगळं डोकं, ही सगळी शिकलेली माणसं, हे गुळगुळीत बूट, कशासाठी? तर आजारी माणसाच्या हातात चारऐवजी निम्मे असा शब्द ठेवायला. थू!

"माझी ओळ का कापलीत? दोन अंशांची?"

"जागा नव्हती हो. पीस मोठं आलं."

"माझी सही काढा. नाही काढलीत तर सरकारी अन्नतपासणीच्या कचेरीत जाऊन बसते, थर्मामीटर घेऊन."

तिला वाटलं होतं भांडण होईल, धमक्या येतील, नोकरी जाईल. कसलं काय! साहेब हसले. "अहो, एवढंच ना? काढू की. नवी छपाई येऊ दे, तीन आठवडे द्या." आणि वहीत टिपून घेतलं, पेन खिशाला लावलं, झालं.

तीन आठवडे ती रोज छपाई खात्यात जाऊन विचारायची. आली का, आली का. रविवारी दादाकडे गेली नाही. म्हणे, नवा डबा घेऊनच जाईन. फोनवर वहिनी म्हणायची, "जेवण कमी झालंय हो यांचं," आणि ही म्हणायची, "थोडे दिवस, वहिनी, थोडे दिवस. माझं काम चाललंय."

नवा डबा आला. पीस तेच, निम्मा भार तोच, फरक न कळणारे चाखणारे तेच. सही फक्त वेगळी. नऊ नंबरची. शेजारच्या कप्प्यात बसणारा, साधा, पापभीरू माणूस. जेवणाच्या सुट्टीत डबा सगळ्यांना दाखवत होता. "बायकोला विश्वासच बसेना," तो जीभबाईला म्हणाला. "मुख्य चाखणीतज्ज्ञ!" तिला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तरी त्याच दिवशी, दुपारीच रजा टाकून, ती नवा डबा पिशवीत घालून दादाकडे गेली. जिना चढताना जुळवणी चालली होती. बघ दादा, माझी सही नाही आता यावर. कंपनीवर माझा भरवसा उरला नाही. म्हणून तूही सोड. असं म्हटलं की झालं, आपली अब्रूही राहते.

दादा पलंगावर होता. पोट पांघरुणाखाली मडक्यासारखं, हात काटक्या. वहिनी म्हणाली, "परवा दवाखान्यात सुई घालून पोटातलं पाणी काढलं. सहा लिटर. पुन्हा भरतंय." उशाशी अर्धा डबा होता. जुना, तिच्या सहीचा.

"दादा, हे बघ," जीभबाईनं नवा डबा पुढे केला. "मी भांडले त्यांच्याशी. माझी सही काढायला लावली."

दादानं डबा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग उलटा केला आणि बुडाची गोल कड नखानं फिरवत वाचली. मुंगीची अक्षरं, न अडखळता.

"ही ओळ जुन्यावर पण होती," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या गं मी. मोठं अक्षर कुठे आहे ते सगळे बघतात, बारीक कुठे लपवलंय ते आधी मी बघतो. पहिल्या दिवशीच वाचलं. थोरली म्हणजे काय ते दुकानदाराला विचारलं. त्यानं नावही ऐकलं नव्हतं."

"मग पीत का राहिलास?" ती ओरडलीच. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

दादा उशीवर जरा वर सरकला. दम लागत होता त्याला. "चार महिने, चिमे," तो म्हणाला, "चार महिने रोज संध्याकाळी मी वाट बघत होतो. कुणीतरी म्हणावं, घे रे, थोडी घेतलीस तर चालेल. डॉक्टरीण म्हणेना, ही म्हणेना. भिंतीवर, डब्यावर कुणी काहीही लिहिलं असतं ना, तर मी हसलो असतो, असल्या थापा मीच रंगवल्यात. पण सही तुझी होती. मला निमित्त हवं होतं, आणि ते तू दिलंस."

जीभबाई पलंगाच्या कडेवर बसली. जुळवलेलं सगळं विसरली. "खोटी होती ती सही," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तरी केली. कुणी कधी मागितली नव्हती म्हणून केली. पिऊ नकोस, दादा. एक घोटसुद्धा नको. हे विष आहे तुला."

दादानं उशाजवळचा डबा उचलला आणि वहिनीकडे दिला. एका शब्दावर. वहिनी तो घेऊन आत गेली, फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग मोरीत डबे एकामागून एक ओतल्याचा.

"त्या रविवारी इथेच बसली होतीस की," दादा म्हणाला. "बिस्किटं खात. तेव्हा हे म्हणाली असतीस तर तेव्हाच दिला असता डबा." त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता तो. "का नाही म्हणालीस गं?"

मोरीतून बिअरचा वास खोलीभर आला, आणि वहिनीनं आतून विचारलं, नळ जोरात सोडू का.